नऊ नंबरचा न झालेला गोल

हे प्रकरण मी तीनदा लिहायला घेतलं. तीनही वेळा ते सत्कारातल्या भाषणासारखं उतरलं, म्हणून फाडलं. प्रामाणिक मुलगा, हुकलेला करंडक, टाळ्या. घडलं ते असं नव्हतं. त्यात मी स्वतः काही फार बरा वागलो नाही, आणि ज्याच्याबद्दल लिहितोय तो मुलगाही संत नाही. म्हणून या खेपेला जसं झालं तसं मांडतो. शाळेचं आणि मुलांचं नाव देत नाही. तालुका लहान आहे, मुलं त्याहून लहान आहेत. मुलाला त्याच्या जर्सीवरच्या आकड्याने ओळखू. मैदानावर त्याला सगळे 'नऊ' अशीच हाक मारतात.

आमचं हॉकी

चोपडा तालुका म्हणजे वर सातपुडा, खाली तापी आणि मध्ये केळी नाहीतर कापूस. इथे पोरं कबड्डी खेळतात, खो-खो खेळतात, क्रिकेट तर खेळतातच. हॉकी आमच्या शाळेत अपघाताने आलं. माझ्या आधीच्या क्रीडा शिक्षकांची सुरुवातीची नोकरी भुसावळकडची. तिथे रेल्वेच्या पोरांबरोबर ते खेळले आणि बदली होऊन येताना बारा जुन्या स्टिक पोत्यात घालून घेऊन आले. त्यातल्या चार अजून चालतात. बाकीच्यांना टेप इतकी गुंडाळली आहे की आत लाकूड आहे की नाही अशी शंका यावी.

मैदान काळ्या जमिनीवरचं. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. वर मुरूम टाकून रोलर फिरवला आहे. टर्फ आमच्या पोरांनी फक्त टीव्हीवर पाहिलंय. टर्फवर चेंडू सरळ जातो. मुरमावर तो स्वतःच्या मर्जीने जातो, मध्ये खडा आला की दिशा बदलतो, कधी उडून थेट नडगीवर येतो. ही खड्याची गोष्ट लक्षात ठेवा, सगळं प्रकरण तिच्यावरच फिरलं.

शालेय स्पर्धांची शिडी बऱ्याच जणांना माहीत असते: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. आमच्याकडे हॉकीची तालुका फेरी होत नाही, कारण संघच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. थेट जिल्हा. तिथे पहिला आलेला संघ नाशिक विभागाच्या स्पर्धेला जातो. आता याला मान आहेच, पण खेड्यातल्या पालकाला मानापेक्षा दुसरी गोष्ट जास्त कळते, ती म्हणजे दहावी-बारावीचे क्रीडा गुण. जितक्या वरच्या पातळीवर खेळाल तितके गुण जास्त. प्रस्ताव शाळेतून जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे, तिथून बोर्डाकडे. माझ्या सतरा वर्षांखालच्या संघात अठरा पोरं होती आणि त्यातली सात दहावीत. त्या सातांपैकी राइट इनला खेळणारा मुलगा गणितात कायम काठावर. त्याचे वडील मला दर पंधरा दिवसांनी विचारायचे, "सर, यंदा नाशिक होईल ना?" त्यांना नाशिकचं काही नव्हतं. त्यांना गणित दिसत होतं.

नऊ नंबर मात्र नववीत होता. वडील केळी कापणाऱ्या टोळीत. पहाटे घड कापायचे, डोक्यावर वाहून ट्रकपर्यंत न्यायचे. आई हंगामाप्रमाणे निंदणी, कापूस वेचणी. पोरगा सेंटर फॉरवर्ड. पाय वेगवान, डोकं त्याहून वेगवान तापणारं. आदल्या वर्षी पंचांनी फाउल दिला म्हणून त्याने स्टिक जमिनीवर आपटली होती. पिवळं कार्ड मिळालं आणि पाच मिनिटं बाहेर बसला. शाळेची चालणारी स्टिक फोडली म्हणून मी त्याला महिनाभर चेंडू गोळा करायला लावलं. हे सांगतोय कारण नंतर लोकांनी त्याचं जे चित्र काढलं त्यात ही स्टिक कुठेच नव्हती.

ती चाळीस सेकंदं

पॅरिस ऑलिम्पिक नुकतंच संपलं होतं. भारताला हॉकीत सलग दुसरं कांस्य मिळालं होतं आणि आमचा गोली स्वतःला भारताचा गोली श्रीजेश समजत होता. जिल्हा स्पर्धेची अंतिम लढत जळगावच्या एका संघाशी होती. त्यांच्या गोलीचं किट कोरं करकरीत, आमच्या गोलीच्या पॅडमधून स्पंज बाहेर. वेळ कमी असल्यामुळे पंधराऐवजी दहा-दहा मिनिटांचे चार भाग ठरले होते. तिसऱ्या भागात आम्ही पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली, एक-एक. शेवटच्या भागात तीनेक मिनिटं उरली होती.

आमच्या सेंटर हाफने डीच्या, म्हणजे गोलसमोर आखलेल्या अर्धगोलाच्या, बाहेरून, रेषेपासून दोन पावलांवरून, जीव खाऊन हिट मारला. चेंडू गोलच्या उजव्या खांबाकडे निघाला. नऊने झेप घेतली, स्टिक पुढे काढली, चेंडू तिथे वळला आणि गोलीच्या डाव्या पॅडजवळून आत गेला. मागच्या फळीचा 'धाड' आवाज आला. पंचांनी शिट्टी वाजवून मैदानाच्या मध्याकडे हात केला. गोल.

हॉकी न पाहिलेल्यांसाठी एक नियम सांगावा लागेल. फुटबॉलमध्ये कुठूनही मारलेला गोल चालतो. हॉकीत चालत नाही. गोलभोवतीची जी अर्धगोलाकार डी असते, साधारण 14.63 मीटरची, तिच्या आत आक्रमण करणाऱ्या संघातल्या कुणाची तरी स्टिक चेंडूला लागलीच पाहिजे. बाहेरून मारलेला चेंडू आत कुणालाही न लागता जाळ्यात गेला तर तो गोल नाही. बचाव करणाऱ्यांना पंधरा मीटरवरून हिट मिळतो. आमच्याकडे जुनी माणसं त्याला अजून 'सिक्स्टीन' म्हणतात, सोळा यार्डांवरून.

म्हणजे सगळा प्रश्न एवढाच, की नऊच्या स्टिकला चेंडू लागला का?

चेंडू वळताना सगळ्यांनी पाहिला. पंचांनी पाहिला, मी पाहिला, त्यांच्या प्रशिक्षकांनी पाहिला. स्टिकजवळ चेंडू वळला म्हणजे स्टिकला लागला, असंच कुणीही म्हणेल. त्यांच्या एकाही खेळाडूने तक्रार केली नाही. पंच ज्या बाजूला उभे होते तिथून नऊची पाठ आडवी येत होती. मैदानात दोन पंच असतात, पण दुसरे त्यांच्या अर्ध्यात, लांब. आमच्यात व्हिडिओ रेफरल कुठला!

पोरं नऊच्या अंगावर पडली. तो त्यांच्याखालून निघाला, गुडघे खरचटलेले, आणि पहिल्यांदा त्याने माझ्याकडे पाहिलं. मान नकारार्थी हलवली. एकदाच.

मला कळलं. आणि मी तळहात खाली करून दोनदा हलवला. सोड, असू दे.

हा हात मी केला. पुढे जे काही झालं त्यात हा हात धरूनच हिशेब करायला हवा. त्या क्षणी माझ्या डोक्यात राइट इनचे वडील होते, नाशिक होतं, आणि पंधरा वर्षांत एकदाही विभागाला न गेलेली माझी शाळा होती. नियमाचा विचार नव्हता.

नऊने तो हात पाहिला. तरीही तो पंचांकडे चालत गेला. कप्तानाला न विचारता. घाबरला की त्याच्या तोंडून घरची भाषा येते, तशीच ती आली.

"सर, लागना नही."

पंचांना पहिल्यांदा कळलं नाही. "काय?"

"मन्ही स्टिकले लागना नही, सर. खडाले लागीसन वळना."

पंचांनी दुसऱ्या पंचांना हाक मारली. दोघं डीच्या आत गेले, खाली वाकले. तिथे मुरमात ताजी खरवड होती आणि बोराएवढा खडा उपटून बाजूला पडला होता. सेंटर पास, म्हणजे गोलनंतर मध्यावरून पुन्हा खेळ सुरू करणं, झालेला नव्हता, त्यामुळे निर्णय फिरवता आला. गोल रद्द. सिक्स्टीन. पुन्हा एक-एक.

उरलेल्या मिनिटांत काही झालं नाही. मग पेनल्टी स्ट्रोक, 6.40 मीटरवरून, पाच-पाच. आम्ही चार-तीनने हरलो. नऊने आपला स्ट्रोक मारला, गोल केला. राइट इनचा स्ट्रोक त्या कोऱ्या पॅडवर आदळला.

एसटीत

परतीची एसटी. मागच्या तीन बाकांवर पोरं, पुढे किटच्या पोत्याशेजारी मी. विदगावच्या पुलावर तापी दोन्ही काठ भरून वाहत होती. एरवी पुलावर पोरं खिडक्यांना लटकून ओरडतात. त्या दिवशी कंडक्टरनेच विचारलं, "कुणी गेलं का काय, सर?"

पूल संपताना राइट इन बोलला. ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. नऊकडे न बघता म्हणाला, "तुला काय, तू नववीत आहेस."

या प्रकरणात मी ऐकलेलं सगळ्यात वजनदार वाक्य हेच. पुढे मुख्याध्यापक बोलले, संस्थेचे लोक बोलले, मीही बोललो, पण या वाक्यापाशी सगळ्यांना अडखळावं लागतं. नऊने जे दिलं ते त्याचं एकट्याचं नव्हतं. गोल अकरा जणांचा होता, गुण सात जणांचे. त्यातला त्याचा वाटा सगळ्यात कमी. स्वतःच्या खिशातून दान करणं सोपं असतं असं नाही, पण निदान खिसा तरी आपला असतो.

कप्तानाची तक्रार वेगळी होती. तो फुल बॅक, शांत मुलगा. नियमाप्रमाणे संघाच्या वागणुकीची जबाबदारी कप्तानाची, हे मीच त्याला शिकवलेलं. तो म्हणाला, "सर, त्याने मला सांगायला पाहिजे होतं. मी गेलो असतो पंचांकडे." गेला असता का? मी विचारलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "माहीत नाही. पण विचारायला पाहिजे होतं."

दुसऱ्या दिवसापासून

बातमी शाळेत पोहोचली तोवर तिला पंख फुटले होते. मुख्याध्यापकांनी परिपाठात शाल-श्रीफळ देऊन नऊचा सत्कार करायचं ठरवलं. मी त्यांना थांबवलं. कारण साधं होतं, सतरा पोरं खाली बसून टाळ्या वाजवणार आणि मनात शिव्या देणार. त्या मुलाला उरलेली दोन वर्षं त्यांच्याच बरोबर खेळायचं आहे.

संस्थेच्या एका संचालकांचा फोन आला तो उलट दिशेने. त्यांना हॉकीचा इतिहास पाठ. "1975 चा वर्ल्ड कप आठवतो का? क्वालालंपूर, फायनल, पाकिस्तान. अशोक कुमारचा फटका खांबाच्या कोपऱ्यावर लागून बाहेर आला. पाकिस्तानवाले भांडत राहिले, पंचाने गोल दिला, आपण दोन-एकने जिंकलो. तेव्हा कुणी गोल परत केला का?" मी म्हटलं, साहेब, अशोक कुमार तो गोलच होता असं सांगत आले आहेत. त्यांना जे दिसलं आणि पंचाने जे दिलं ते एकच होतं. आमच्या पोराला एक दिसलं आणि पंचाने दुसरं दिलं. ते म्हणाले, "तुम्ही शिक्षक लोक शब्दांत फार पकडता." फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी मी नऊच्या घरी गेलो. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं, जरा रंगवूनच सांगितलं, तिला बरं वाटावं म्हणून. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग बाकीना पोरेसले काय भेटनं?"

काही नाही, मी म्हटलं. तिने मान हलवली आणि तांदळातला खडा काढून अंगणात टाकला. चहा केला. कौतुकाचा एक शब्द नाही. मी उठताना एवढंच म्हणाली की पोरगा दोन रात्री नीट जेवला नाही.

किटच्या खोलीत

चौथ्या दिवशी संघाला किटच्या खोलीत बसवलं. सुरुवात मी माझ्या हातापासून केली. मला वाटत होतं पोरांना ते कळलेलंच नाही, पण निम्म्यांनी तो हात पाहिला होता. मी सांगितलं, मी त्याला गप्प राहायची खूण केली आणि ती चुकीची होती. हे बोलायला मला ठरवल्यापेक्षा जास्त वेळ लागला. कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "तुम्ही तर हात केला होता, मग तो का गेला?" त्या प्रश्नात राग होता की कौतुक, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग कप्तानाने मुद्दा काढला, आणि तो इतका चांगला होता की मी लिहून घेतला. तो म्हणाला, "सर, तुम्हीच सांगितलं की पंच म्हणेल ते मान्य करायचं. पॅरिसला अमित रोहिदासला ब्रिटनविरुद्ध रेड कार्ड दिलं, सतराव्या मिनिटाला. बरोबर नव्हतं असं सगळे म्हणत होते. तरी आपले दहा जण चाळीस मिनिटांच्या वर खेळले, एक-एक राखलं आणि शूटआउटला जिंकले. पुढच्या मॅचला त्याला बसवलं, तेही सोसलं. म्हणजे विरुद्ध गेलं तरी मान्य. मग आपल्या बाजूने गेलं तर का मान्य नाही?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. पुस्तकात असल्या प्रश्नाचं उत्तर तयार असतं, मला मात्र थांबावं लागलं. शेवटी मी जे बोललो ते असं: नऊने पंचांचा निर्णय अमान्य केला नाही. त्याने गोल स्वतः रद्द केला नाही, तो अधिकारच त्याला नाही. पंचांना एक गोष्ट माहीत नव्हती, ती त्याने सांगितली. ऐकून पंच 'मी पाहिलंय, गोल आहे' म्हणाले असते तर नऊला सेंटर पासला उभं राहावं लागलं असतं आणि तो उभा राहिला असता. कप्तान म्हणाला, "म्हणजे रोहिदासने पण सांगायला पाहिजे होतं, माझं चुकलं नाही म्हणून?" मी म्हटलं, त्यांनी आपली बाजू मांडलीच असणार, हॉकी इंडियाने त्या बंदीविरुद्ध दादही मागितली होती. फेटाळली गेली. मग खेळले.

कप्तानाला पटलं. राइट इनला नाही. तो म्हणाला, "पटलं तरी मार्क येत नाहीत." यावर मला काही सुचलं नाही आणि मी सुचल्यासारखं केलंही नाही.

उलटा त्रास

इथपर्यंतची गोष्ट बाहेर सगळ्यांना आवडते. पुढची मी फारशी कुणाला सांगत नाही.

दिवाळीनंतर सराव सुरू झाला तेव्हा नऊ बिघडला होता. चेंडू स्वतःच्या पायाला लागला की हात वर करून थांबायचा. मध्यावर, कुठेही. त्याच्याकडे चेंडू आहे असं धरून लेफ्ट आउट पुढे पळालेला असायचा आणि हा उभा. समोरचे चेंडू घेऊन जायचे. एकदा आमच्याच डीत त्याच्या पायाला चेंडू लागला, पंच म्हणून उभ्या असलेल्या मुलाने शिट्टी दिली नाही, तर हा ओरडला, "फूट! फूट!" आणि स्वतःच्या संघावर पेनल्टी कॉर्नर ओढवून घेतला. पोरं वैतागली. त्यांनी त्याला 'हरिश्चंद्र' नाव ठेवलं.

मी त्याला रोलरवर बसवलं. म्हटलं, शिट्टीपर्यंत खेळायचं.

"मग त्या दिवशी का नाही खेळायचं होतं?"

आता हा फरक मलाही घडवून घ्यावा लागला, कारण तोवर मी तो कधी शब्दांत मांडलाच नव्हता. हॉकीत चेंडू पायाला लागला की दर वेळी फाउल होतो असं नाही. त्यातून तुमच्या संघाला फायदा झाला, किंवा तुम्ही मुद्दाम पाय घातला, तर फाउल. फायदा झाला की नाही हे ठरवणं पंचांचं काम. तिथे तुला जे माहीत आहे ते अर्धंच आहे, उरलेलं पंच ठरवतो. तू हात वर करून थांबलास तर तू पंच झालास. त्या दिवशीचं तसं नव्हतं. स्टिकला चेंडू लागला की नाही यात ठरवण्यासारखं काही नव्हतं, लागला किंवा नाही. आणि ते जगात फक्त तुझ्या मनगटाला माहीत होतं.

त्याने ऐकलं. मग बोलला ते असं की माझं सगळं शिकवणं तिथेच बसलं.

आदल्या वर्षी आम्ही सातपुड्याच्या पायथ्याच्या एका आश्रमशाळेच्या पोरांबरोबर मैत्रीचा सामना खेळलो होतो. त्यांच्यात अर्धे अनवाणी. पंच मीच होतो. नऊने त्या सामन्यात विजयी गोल केला होता. तो आता म्हणाला, "सर, तो चेंडू आधी माझ्या पायाला लागला होता. डीमध्येच. पायाला लागून पुढे आला म्हणून मारता आला." त्यांचा फुल बॅक, पावरा जमातीचा मुलगा, मॅच संपल्यावर त्याच्याजवळ आला होता. भांडायला नव्हे, तंबूतल्या पाण्याच्या मडक्यापाशी. त्याने विचारलं होतं, "लागला ना पायाला?" आणि हा 'नाही' म्हणाला होता.

"तो 'बरं' म्हणाला, सर. आणि त्याने मला पाण्याचा पेला दिला."

मी तो गोल दिला होता. माझी शिट्टी. मला आजही तो फाउल आठवत नाही.

म्हणजे जळगावच्या त्या दुपारी नऊ चालत पंचांकडे गेला, तो माझ्या वीस वर्षांच्या शिकवणीमुळे नव्हे. त्या पेल्यामुळे गेला असावा. त्याने तसं म्हटलं नाही. मी विचारलं तेव्हा खांदे उडवले. त्यामुळे हा माझा अंदाज समजा. पण या प्रकरणात चारित्र्य घडलं असं कुणाला म्हणायचं असेल तर ते अंतिम सामन्यात घडलं, असं मी म्हणणार नाही. तिथे ते फक्त दिसलं. घडलं असेल तर खोटं बोलून वर्षभर ते आत घेऊन फिरण्यात. आणि त्या वर्षभरात त्याचा क्रीडा शिक्षक असलेल्या मला त्यातलं काहीही कळलं नाही. मी त्याच्याकडून चेंडू गोळा करून घेत होतो.

पुढच्या महिन्यात आम्ही त्या आश्रमशाळेत पुन्हा खेळायला गेलो. तो फुल बॅक दहावी करून गेला होता, भेटला नाही. सिनेमात भेटतो तसा इथे भेटला असता तर बरं झालं असतं. नऊने त्याच्या गावाचं नाव विचारून घेतलं, वहीत लिहिलं. पुढे काय केलं माहीत नाही. त्याच सामन्यात त्याने रागाच्या भरात समोरच्याच्या स्टिकवर स्टिक मारली आणि हिरवं कार्ड घेऊन दोन मिनिटं बाहेर बसला. मी शेजारी जाऊन बसलो. तो म्हणाला, "माझंच चुकलं, पण त्याने आधी ढकललं." दोन्ही खरं होतं.

मी काय बदललं

फार नाही. आता सामन्याआधी मी संघाला एक गोष्ट सांगतो: कुणाला पंचांना काही सांगायचं असेल तर जाताना कप्तानाला बरोबर घ्या. परवानगी मागू नका, बरोबर घ्या. कप्तानाचा मुद्दा मला पटला होता. आपण जे करणार आहोत त्याची किंमत ज्यांना द्यायची आहे त्यांना ते निदान सगळ्यात शेवटी कळू नये. नऊला तेव्हा एवढा वेळ होता का, हा प्रश्न आहेच. तीस पावलांचं अंतर होतं. मला वाटतं, होता.

आणि रेषेबाहेर उभा असताना मी दोन्ही हात मागे बांधून ठेवतो. सुरुवातीला पोरं हसायची.

सत्कार झाला नाही. 29 ऑगस्टला, ध्यानचंदांच्या जयंतीला, मुख्याध्यापकांनी भाषणात 'आपल्या शाळेतील एका विद्यार्थ्याने' असा उल्लेख केला. तेव्हा सगळी शाळा नऊकडे बघत होती आणि नऊ शिनगार्डचा पट्टा बांधत होता, परिपाठाला शिनगार्ड घालायचं काही कारण नसताना.

राइट इन दहावी पास झाला. गणितात निसटता, पण पास. नाशिकचे गुण मिळाले असते तर टक्केवारी वाढली असती. त्याला हव्या त्या ट्रेडला आयटीआयमध्ये प्रवेश मिळाला नाही, दुसऱ्याला मिळाला. त्या गुणांनी मिळाला असता की नाही हे मी यादी पाहून काढू शकलो असतो. काढलं नाही.

यंदाच्या जिल्हा स्पर्धेला तो आला होता, कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून. आमच्या पोरांना आता एक सवय लागली आहे. सामन्याआधी दोन्ही डीमध्ये ओळीने वाकून चालायचं आणि खडे वेचायचे. कुणी सुरू केलं मला माहीत नाही, मी सांगितलेलं नाही. राइट इन थोडा वेळ खांबाला टेकून बघत राहिला. मग चपला काढून आत आला आणि नऊच्या शेजारच्या ओळीत वाकला. बराच वेळ दोघं काही बोलले नाहीत. त्याने एक खडा उचलला, हातात फिरवून पाहिला, बोराएवढाच असेल, आणि नऊपुढे धरला.

"हा का रे भो?"

नऊ म्हणाला, "त्याच्याहून लहान होता."

"लहान?" राइट इन म्हणाला. "एवढ्याशासाठी माझं गणित गेलं." आणि खडा रेषेबाहेर भिरकावून पुढचा शोधायला लागला.